पोती कुणाच्या दोराची

पेल्दे, चिलोए
२६ फेब्रुवारी २०२४

माझे धर्मपिता बेलार्मिनो पाद्रिनो यांना एलियानाचा नमस्कार.

तुम्हाला आता फोनवर एकही शब्द ऐकू येत नाही असं आई म्हणाली, म्हणून ई-मेल लिहिते आहे. खरं तर जे सांगायचं आहे ते फोनवर सांगायची हिंमतही नव्हती.

मी एक प्रोग्राम बनवला. हो, मीच. बाप्तिस्म्याच्या दिवशी तुमच्या हातावर गळा काढून रडलेली आणि शाळेत गणितात दोनदा नापास झालेली चिगुआयांची पोर. शिंपल्यांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं धक्क्यावर माल उतरवून घेते आहे. त्या धक्क्याचा सगळा कारभार मी एकोणीस दिवसांत नव्या प्रोग्रामवर उभा केला. कोडची एक ओळ लिहिली नाही. एक साधन निघालं आहे, लो-कोड म्हणतात त्याला. पडद्यावर तयार ठोकळे असतात. हा फॉर्मचा, हा यादीचा, हा अटीचा. ओढायचे आणि एकमेकांना जोडायचे. ज्याला आपलं काम नीट माहीत आहे त्याला जमतं. आणि धक्क्याचं काम माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

पुएर्तो मोंतची ती कंपनी तुम्ही लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामची देखभाल करायची. पाण्याच्या तापमानाचा एक रकाना मागितला होता मी त्यांच्याकडे जूनमध्ये. फेब्रुवारीत आला, तोही चुकीच्या पानावर. आमचे मालक गाराय साहेब म्हणाले, "एलियाना, हाकलून दे त्यांना. आजपासून तूच आमची इंजिनियर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट तुमची परवानगी न घेता केली, ती सांगून टाकते. तुमचा प्रोग्राम प्रत्येक खेपेला विचारायचा, "ही पोती कुणाच्या दोराची?" म्हणजे पाण्यात टांगलेल्या कुणाच्या दोरावर या शिंपल्या वाढल्या. उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचाच नाही. होडीत बारा खेपा असल्या तर बारा वेळा तेच. पावसात भिजत उभी असलेली माणसं ओरडायची, "माझ्याच दोराची, बाई! आणखी कुणाच्या, पोपच्या?" तो प्रश्न मी काढला. होडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव, त्याचे दोर, त्याची खाडी, सगळं आपोआप भरतं. जिथे चार तासांची रांग लागायची तिथे आता चाळीस मिनिटं लागतात. पवित्र सप्ताहासाठी माल दुप्पट येणार आहे, तेव्हा कळेल त्याची किंमत.

घाबरू नका, तुमचा जुना प्रोग्राम अजून शेजारी चालूच आहे.

बाबा बरे आहेत. तुमचं नाव काढलं की हसतात आणि गप्प होतात. मला शाबासकी द्या.

तुमची एलियाना

पुंता आरेनास
२९ फेब्रुवारी

पोरी,

शाबासकी नंतर. आधी ऐकून घे.

तू लिहितेस की कोडची एक ओळ लिहिली नाहीस. म्हणजे ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली. कुठल्या देशात, कशासाठी, काय गृहीत धरून, ते तुला माहीत नाही. ठोकळ्याच्या पोटात काय आहे हे न बघता तू त्यावर भिंत चढवलीस आणि त्या भिंतीआड माणसं राहायला पाठवलीस. मी त्या धक्क्यावर १९९८ सालचा सगळा हिवाळा काढला. होडीवाल्यांबरोबर भिजलो, त्यांच्या शिव्या ऐकल्या, रात्रपाळीच्या बायकांशेजारी उभा राहिलो, आणि मग एकेक प्रश्न लिहिला. त्याला धंदा म्हणतात. हाताला घट्टे पडतात तो धंदा.

आणि तुला टाळ्या वाजवणारा तो गाराय! चाळीस वर्षं मी कामगारांच्या सभांत बोललो, पण मालकाची इतकी स्वस्त युक्ती पाहिली नव्हती. पगार माल उतरवून घेणारीचा आणि काम इंजिनियरचं! उद्या काही बिघडलं तर सही कुणाची? त्याची की तुझी? तुला हातात हत्यार दिलं म्हणून तू खूश आहेस. हत्याराबरोबर जबाबदारी आली, पण अधिकार आला का? पद आलं का? तुझं काम तपासायला दुसरं माणूस आलं का? मालकाने फुकटात काही दिलं की मी आधी खिसे चाचपतो, आपलं काय गेलं ते बघायला.

असो. वाद नंतर घालू. आत्ता एकच कर. तो प्रश्न परत घाल. आजच. कारण विचारू नकोस. मी उगाच प्रश्न घालणारा माणूस नाही एवढं पुरे.

बेलार्मिनो

पेल्दे
४ मार्च

पाद्रिनो,

"कारण विचारू नकोस." तुमच्या तोंडून हे वाक्य! तुम्हीच ना व्यासपीठावर टेबल आपटून सांगायचात की कारण न देता हुकूम सोडतो तो मालक, आणि कारण न विचारता पाळतो तो गुलाम? मी सात वर्षांची होते. बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलं आहे मी ते.

तुमच्या धंद्यातली माणसं काय करतात ते सांगते. एके काळी गावात पाद्री सोडून कुणाला लिहिता येत नव्हतं. सैन्यातल्या पोराला चार ओळी पाठवायच्या तरी त्याच्या दारात टोपी काढून उभं राहायचं. मग लोक लिहायला शिकले. अक्षर वाकडं आलं, चुका झाल्या, पण पत्र आपलं झालं. आज मला एक रकाना हवा तर आठ महिने टोपी हातात घेऊन उभं राहायचं, आणि का, तर तुमची बिरादरी किल्ली कमरेला लावून फिरते म्हणून? नाही राहणार. माझं अक्षर वाकडं असेल, पण धक्का माझा आहे.

लाल भरतीची, पाण्यात विष पसरण्याची भीती वाटत असेल तर तीही काढून टाका. मत्स्य खात्याने एखादी खाडी बंद केली की तिची नोंद माझ्या यादीत त्याच तासाला पडते. त्या खाडीतली होडी आली तर पडदा लाल होतो आणि वजनकाटाच सुरू होत नाही. तुमच्या वेळी कागद भिंतीला चिकटवायचे, कुणी वाचला तर वाचला.

आणि एक खोटं बोलले होते, ते सांगून टाकते. तुमचा प्रोग्राम शेजारी चालू नाही. १५ फेब्रुवारीलाच बंद केला. तुम्हाला लागेल म्हणून सांगितलं नव्हतं. आता लागलं तर लागू दे.

कारण सांगा, प्रश्न परत घालते. नाहीतर नाही.

एलियाना

पुंता आरेनास
६ मार्च

एलियाना,

पत्र मिळालं. सव्वीस वर्षं तो चालला. बंद करताना कुणी मला एक ओळ लिहिली नाही, एवढंच मनाला लागलं.

कारण मला सांगता येत नाही. ते माझं एकट्याचं नाही. तुझा धक्का, तुझा प्रोग्राम. मी गप्प बसतो.

बेलार्मिनो

पुंता आरेनास
शनिवार, १६ मार्च, सकाळ

एलियाना,

हे उभ्या उभ्या वाच आणि वाचून झालं की पळ.

आत्ता वर्तमानपत्र उघडलं. आउचेमोची खाडी लाल भरतीमुळे मंगळवारपासून बंद. मी दहा दिवस मानपान कुरवाळत बसलो, त्याची लाज नंतर वाटून घेईन. कारण ऐक.

एप्रिल १९९८. तेव्हाही आउचेमोच बंद झाली होती. तिथल्या एकाची होडी नादुरुस्त होती. त्याने बंदीच्या आधी काढलेली पोती पेल्देच्या पाण्यात, शेजाऱ्याच्या तराफ्याखाली टांगून ठेवली होती. तीन दिवसांनी शेजाऱ्याने ती स्वतःच्या होडीत घालून धक्क्यावर आणली. मिंगा म्हणून. आपल्याकडे ज्याची होडी मोडते त्याचा माल दुसरा आणतो, त्यात विचारायचं काय? होडी पेल्देची, म्हणून माल पेल्देचा अशी नोंद झाली. वाटणीची एक पिशवी सेफेरिनो वेराच्या घरी गेली. जेवल्यावर ओठ बधिर झाले म्हणाला, मग हात, मग छाती. संध्याकाळच्या आत गेला. त्याची बायको उबेर्लिंदा पस्तिशीत विधवा झाली. शिजवून हे विष मरत नाही, तुला माहीत आहे.

ती होडी तुझ्या बापाची होती. क्लोदोमिरोने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. रडत होता. मी त्याला म्हणालो, गप्प बस. आणि प्रोग्राममध्ये तो प्रश्न घातला. प्रत्येक खेपेला, होडी कुणाचीही असो. कुठेही टिपण ठेवलं नाही. गावाला वाटतं की सेफेरिनोने स्वतःच कुठूनतरी शिंपल्या खरवडून आणल्या.

तू मिंगातच वाढलीस, म्हणून ती तुला दिसली नाही. आपण श्वास मोजतो का? तुझा प्रोग्राम होडी ओळखतो. पोती ओळखत नाही.

मंगळवारपासूनच्या सगळ्या खेपा तपास. वाचल्याबरोबर एक अक्षर तरी लिही.

बेलार्मिनो

पेल्दे
शनिवार, १६ मार्च, दुपारी १

झालं आहे, पाद्रिनो. आधीच झालं आहे.

तुमचं पत्र वाचून मंगळवारपासूनच्या नोंदी चाळल्या, गुरुवारच्या खटकल्या. हेरार्दो नावार्रोची होडी पेल्देची, तिने रोजच्या दुप्पट पोती आणलेली. धावत त्याच्या घरी गेले. तो जाळं विणत बसला होता. विचारलं, "गुरुवारची सगळी पोती तुमच्या दोराची?" म्हणाला, "छे! निम्मी मेव्हण्याची. आउचेमोच्या रेमिहिओची. त्याचं इंजिन खोललंय ना, मिंगात आणली." म्हटलं, "आउचेमो बंद आहे!" तर सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणतो, "बंदी मंगळवारी. त्याने माल सोमवारी काढला. माझ्या तराफ्याला टांगला होता, चांगल्या पाण्यात. आणि बाई, तू विचारलंस का मला?"

नाही विचारलं. कोणी खोटं बोललं नाही. कोणी विचारलंच नाही.

प्रश्न परत घातला. घरी पोचायच्या आधी, वाटेत उभं राहून, फोनवरून, अकरा मिनिटांत. तुमच्या पुएर्तो मोंतवाल्यांना आठ महिने लागले असते, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

गुरुवारचा माल शिजवून, गोठवून शीतघरात गेला आहे. तो शोधता येईल. पण ऐंशी किलो जिवंत शिंपल्या कारखान्याने गावच्या बंबवाल्यांना देणगी म्हणून दिल्या. उद्या दुपारी त्यांचा कुरान्तो आहे, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिजवायचं गावजेवण, नवा बंब घेण्यासाठी. दोनशे माणसांचे पास विकले गेले आहेत. देणगीची पोती नक्की कुठल्या दोराची, हेरार्दोची की रेमिहिओची, हे माझ्या प्रोग्राममध्ये कुठेच नाही. ते लिहायची जागाच मी पुसली.

गाराय साहेबांना फोन केला. म्हणाले, "नमुना प्रयोगशाळेत पाठव. निकाल बुधवारी येईल. तोवर तोंड उघडलंस तर पवित्र सप्ताह बुडेल, कारखाना बुडेल, आणि एकशेचाळीस बायका घरी बसतील. त्यात तुझी आईही आहे."

बाबा समोर बसून बटाटे सोलत आहेत. मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी, उद्याच्याच जेवणाचे. त्यांच्याकडे बघवत नाही. त्यांच्याबद्दल विचार करायला आत्ता वेळ नाही.

एलियाना

पेल्दे
सोमवार, १८ मार्च

पाद्रिनो,

तुमचे तीन निरोप आले, उत्तर आज देते आहे. कुणी मेलं नाही. हे पहिलं वाक्य म्हणून घ्या.

शनिवारी दुपारीच बंबवाल्यांच्या प्रमुखाला गाठायला गेले. तो आणि त्याचे सगळे गडी डोंगरापलीकडे आग विझवायला गेलेले. रविवारी सकाळीच परतणार होते. म्हणून रविवारी दहाला मैदानावर पोचले. तोवर खड्ड्यातले दगड लाल झाले होते आणि ओंडके बाजूला ओढत होते. पोती फाडून ठेवलेली. आमचे लोक कसे घाई करतात ते तुम्हाला माहीत आहे, दगड निवले तर सगळं फुकट. प्रमुखाला म्हटलं, "शिंपल्या घालू नका." तो म्हणाला, "शिंपल्यांशिवाय कुरान्तो? मग काय, नुसते दगड वाढू?" सगळे हसले. मी म्हटलं, "त्यातली काही पोती आउचेमोची असतील." तो म्हणाला, "असतील की आहेत?" म्हटलं, "मला माहीत नाही." "मग ज्याला माहीत आहे त्याला घेऊन ये!" असं म्हणून त्याने पहिलं पोतं उचललं आणि खड्ड्यात ओतलं.

तो आवाज अजून कानात आहे. तापल्या दगडांवर शिंपल्यांचा.

मग गाराय साहेब आले. बायको बरोबर, पांढरा शर्ट, हातात पेला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घरी जा. तुला बरं वाटत नाहीये." दोनशे माणसं बघत होती. आई बाकावर बसून मान खाली घालून शालीच्या टोकाशी चाळा करत होती. तिच्या शेजारी उबेर्लिंदा. त्या क्षणी मला वाटलं, खरंच घरी जावं. बुधवारी निकाल चांगला आला तर मी वेडी ठरेन, वाईट आला तर खुनी. गप्प बसले तर निदान चार दिवस कुणीच नाही.

मी बटाट्यांच्या टेबलावर चढले. तुमच्यासारखं बोलता येत नाही मला. ओरडले, "हा प्रोग्राम मी बनवलाय! टाळ्या मीच घेतल्या! पोती कुणाची हे विचारणारा प्रश्नही मीच काढला! तुमच्या पोरांच्या तोंडात काय जाणार आहे ते मला सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नसेल तर इथे कुणालाच सांगता येणार नाही!" कुणीतरी म्हणालं, "खाली उतर, बाई, बटाटे चेंगरतायत." पण या वेळी कुणी हसलं नाही.

बाबा उठले. पाण्याची घागर उचलली आणि खड्ड्यात ओतली. मग दुसरी. वाफेचा असा लोट उठला की समोरचं माणूस दिसेना. दगड तडतडून फुटले. प्रमुखाने त्यांची कॉलर धरली, मग त्यांचा चेहरा बघून सोडली.

शिंपल्यांचे नमुने पोत्यागणिक प्रयोगशाळेसाठी काढले; मांस आणि बटाटे चुलीवर वेगळे शिजवले. लोकांनी गुपचूप खाल्ले. गायला कुणी उभं राहिलं नाही. घरी येताना बाबा एकच बोलले, "दगड चांगले होते."

आज सकाळी कारखान्याच्या फाटकावर मला थांबवलं. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही.

एलियाना

पुंता आरेनास
शनिवार, २३ मार्च

एलियाना,

बुधवारचा निकाल तू पाठवलास तो टेबलावर समोर ठेवून लिहितो आहे. देणगीच्या चार पोत्यांपैकी दोनमध्ये विष मर्यादेच्या तिप्पट. त्या मैदानावर लहान मुलं किती होती याचा मी हिशेब करणार नाही. तूही करू नकोस.

आता माझी लपवाछपवी ऐक. मंगळवारीच गारायचं पत्र आलं होतं. चार दिवस तुझ्यापासून दडवलं. लिहितो, "सन्माननीय गुरुजी, आपल्या प्रोग्राममध्ये सुरक्षेची तरतूद होती आणि कर्मचारी एलियाना चिगुआय हिने ती परस्पर, कुणालाही न विचारता काढली, असा तज्ज्ञ म्हणून अहवाल आपण द्यावा. बुधवारी २७ तारखेला कास्त्रो शहरात होणाऱ्या चौकशीत तो मांडू. आपला प्रोग्राम सन्मानाने परत सुरू करू." सन्मानाने! कबूल करतो, पत्र वाचून पहिला तासभर मला आनंद झाला. आरशात बघून टाय बांधायची सवय गेली होती, ती आठवली. सदुसष्ट वर्षांचा माणूस इतका हलका असू शकतो.

मग त्याचं वाक्य पुन्हा वाचलं. "कुणालाही न विचारता." तू मला विचारलं होतंस. लेखी. २६ फेब्रुवारीला सांगितलंस, ४ मार्चला कारण मागितलंस. मला ते माहीत होतं आणि मी दिलं नाही. मग तरतूद कुणी काढली? तू शब्द काढलेस. अर्थ मी सव्वीस वर्षांपूर्वीच काढून घेतला होता. मी धंद्याच्या घट्ट्यांचं व्याख्यान दिलं तुला! चांगला सुतार खांब काढू नये म्हणून त्यावर खूण तरी करतो. मी खांबावर रंग दिला आणि निघून गेलो. तुझ्या ठोकळ्यांच्या पोटात काय आहे ते दिसत नाही म्हणून मी गरजलो. माझ्या प्रोग्रामच्या पोटात काय होतं ते कुणाला दिसत होतं?

अजूनही मी मानतो की मालकाने तुझ्या गळ्यात हे काम बांधलं, तपासणारं दुसरं माणूस दिलं नाही आणि अडचण येताच हात झटकले. चौकशीत हे गर्जून सांगणार. पण नुसत्या गर्जनेने तू सुटत नाहीस. "मला माहीत होतं" एवढंच लिहिलं तर गारायचा वकील विचारणार, काय माहीत होतं? कुठली होडी? कुठली तारीख? नाव नसेल तर माझा अहवाल म्हणजे म्हाताऱ्याने धर्मकन्येसाठी रचलेली गोष्ट. नाव लिहिलं तर क्लोदोमिरो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गावासमोर सेफेरिनोचा मारेकरी. मी त्याला शब्द दिला आहे.

दोन मसुदे तयार आहेत. एकात "एक होडीवाला", दुसऱ्यात नाव. सोमवारी रात्रीपर्यंत पाठवायचा आहे. मला ठरवता येत नाही, आणि आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितो आहे. तू सांग.

बेलार्मिनो

पेल्दे
सोमवार, २५ मार्च

कोम्पाद्रे बेलार्मिनो,

मी क्लोदोमिरो सांगतो आहे, पोरगी लिहिते आहे. मी म्हणेन तसंच लिहायचं असं तिला बजावलं आहे. मध्ये रडली तर थांबतो.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. दाखवू की नको म्हणत दिवसभर भांडी घासत होती. शेवटी मीच म्हटलं, वाच, काय आहे ते.

तू म्हणतोस शब्द दिला. मी मागितला होता का तुझा शब्द? आठव. मी तुझ्याकडे आलो होतो ते विचारायला की उबेर्लिंदाला आज सांगू की मयत झाल्यावर. तू म्हणालास, "कोम्पाद्रे, गप्प बस, मी मशीनमध्ये बंदोबस्त करतो." तू शिकलेला. चार पुस्तकं वाचलेला. सभेत बोलायचास तेव्हा आम्हाला वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे. म्हणून मी बसलो गप्प.

तुला वाटतं तू माझी लाज वाचवलीस. तू माझं तोंड बंद केलंस. मी सांगितलं असतं ना रे! प्रत्येक नव्या होडीवाल्याला धक्क्यावर उभं राहून सांगितलं असतं, मिंगा कर, पण पोती कुणाची ते ओरडून सांग, मी सांगितलं नाही आणि माणूस मेला. हेरार्दोला सांगितलं असतं. माझ्या पोरीला सांगितलं असतं. तिला माहीत असतं तर तो प्रश्न तिने जन्मात काढला नसता. तू ते मशीनला सांगितलंस. मशीन बंद झालं.

तुझ्यावर रागावलो नाही असं लिहू का, म्हणाली पोरगी. रागावलो आहे. लिही ग तसंच.

आज सकाळी उबेर्लिंदाकडे गेलो. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. टोपी काढली आणि म्हटलं, "अठ्ठ्याण्णव सालची ती पोती माझ्या होडीतून आली." तिने दाणे टाकून संपवले. मग म्हणाली, "क्लोदोमिरो, सव्वीस हिवाळे तू माझी लाकडं फोडून देतोस. दुसऱ्या कुठल्या विधवेची फोडलीस?" मी म्हटलं, "माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू कधी बोलतोस ते बघत होते." एवढंच. आत गेली. दार लावलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही. मी टोपी घातली आणि आलो.

आता कामाचं. परवा कास्त्रोला मी पोरीबरोबर जातो आहे. हेरार्दो आणि रेमिहिओ दोघं येतो म्हणाले. तिच्या आईने कारखान्यात सुट्टी मागितली, गाराय नाही म्हणाला, तरी ती येणार आहे. तुला एवढ्या लांबून यायला जमणार नाही, तेव्हा तुझा कागद हवा. पहिला मसुदा चुलीत घाल.

नाव पूर्ण लिही. क्लोदोमिरो सेगुंदो चिगुआय, होडी पेल्देची, एप्रिल १९९८, पोती आउचेमोच्या दोराची. आणि खाली तुझंही.